यादीतलं लाकूड आणि हातातली फळी : एका हस्तनिर्मित गिटारचं प्रकरण

पार्श्वभूमी

ताई पहिल्यांदा माझ्या गिटार बनवण्याच्या कार्यशाळेत आल्या तेव्हा त्यांच्या हातात घडी घातलेला कागद होता. टॉप (तारांखालची पुढची फळी) ॲडिरॉन्डॅक स्प्रूसचा, बॅक आणि साइड्स (पाठ आणि बाजू) ब्राझिलियन रोजवुडच्या, ब्रिज (टॉपवरची तारा अडकवायची पट्टी) आणि फिंगरबोर्ड (बोटांनी तारा दाबायची पट्टी) एबनीचा, नेक (लांब दांडा) महोगनीचा. एवढंच. आकाराबद्दल, तारांबद्दल, वाजवण्याबद्दल कागदावर काही नव्हतं. (त्यांच्या संमतीने हे प्रकरण लिहितोय. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.)

ही यादी त्यांनी उगाच केली नव्हती. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या अमेरिकन गिटारींची ध्वनिमुद्रणं त्यांनी वर्षानुवर्षं ऐकली होती. त्यांतल्या कित्येक गिटारी ॲडिरॉन्डॅक आणि ब्राझिलियन रोजवुड याच जोडीच्या होत्या. तीस वर्षं वाजवल्यावर आयुष्यातली एक गिटार मनासारखी करून घ्यायची, तर तडजोड कशाला, असं त्यांचं म्हणणं होतं. मला ते पटत होतं.

मी वही उघडली आणि यादी उतरवायला लागलो. ही माझी पहिली चूक. तिच्याकडे शेवटी येतो.

प्रश्न नेमका कुठे होता

दुसऱ्या भेटीत त्या आपली जुनी गिटार घेऊन आल्या. मोठ्या ड्रेडनॉट आकाराची, चांगल्या लाकडाची, नीट सांभाळलेली. त्या वाजवायला बसल्या आणि दोन मिनिटांत माझी पेन्सिल थांबली.

त्या नखांनी वाजवत नाहीत. नखं टिकत नाहीत म्हणून बोटांच्या मऊ पेरांनी छेडतात, आणि तेही हलक्या हाताने. पेराने छेडलेल्या तारेत वरचे स्वरांश कमी येतात आणि तारेला मिळणारी ऊर्जाही कमी असते. त्यांच्या गिटारचा टॉप जाड होता, ब्रेसिंगही (टॉपला आतून आधार देणाऱ्या लाकडी पट्ट्या) दणकट. पिकने (तारा छेडायच्या चकतीने) जोरात वाजवणाऱ्यासाठी ती गिटार उत्तम होती. ताईंच्या हाताखाली मात्र ती जागीच होत नव्हती. म्हणून त्या नकळत जोर लावत होत्या. तासाभराने त्यांनी उजवं मनगट दुसऱ्या हाताने दाबून धरलं.

"ही जोर लावल्याशिवाय बोलत नाही," त्या म्हणाल्या. "आणि जोर लावला की माझं वाजवणं माझं राहत नाही."

सगळ्या प्रकरणाची किल्ली या वाक्यात होती आणि कागदावर तिचा मागमूसही नव्हता. यादीतलं सगळं लाकूड मिळालं असतं आणि मी ते जुन्याच पद्धतीने जाड ठेवून बसवलं असतं, तर आणखी एक न बोलणारी गिटार तयार झाली असती.

दुसरी अडचण शब्दांची. "आवाज खोल हवा," असं त्या सारखं म्हणत होत्या. मी "खोल" म्हणजे खर्जात भरदार असं धरून चाललो होतो. कार्यशाळेतल्या तीन-चार गिटारी त्यांना आळीपाळीने वाजवायला दिल्या तेव्हा उलगडा झाला. खर्ज दणदणीत असलेली गिटार त्यांनी लगेच खाली ठेवली. ज्या गिटारवर स्वर छेडल्यानंतरही बराच वेळ रेंगाळत होता, ती मात्र सोडवेना. त्यांना हवी होती ती आस, म्हणजे स्वराचं हे रेंगाळणं. हे वाजवून कळलं म्हणून बरं. बोलत बसलो असतो तर महिनाभर एकमेकांना होकार देत वेगळंच काहीतरी ठरवलं असतं.

यादीतली जोडी का गळली

ब्राझिलियन रोजवुड १९९२ पासून धोक्यातल्या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराबद्दलच्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट १ मध्ये आहे, म्हणजे सर्वांत कडक बंधनं असलेल्या यादीत. ते लाकूड त्याआधीचं आहे हे कागदोपत्री सिद्ध करता आलं तरी सीमा ओलांडताना परवान्यांची कटकट सुटत नाही. ताई वाजवण्यासाठी परदेशी जातात. दरवेळी विमानतळावर धाकधूक करत उभं राहायचं, ही कल्पना त्यांना एका वाक्यात नकोशी झाली. हा पर्याय गेला आणि त्याबद्दल दोघांनाही फार वाईट वाटलं नाही.

भारतीय रोजवुड, म्हणजे आपली शिसवी, याबाबतीत आता सोपी आहे. २०१७ च्या सुरुवातीला डाल्बर्जिया या प्रजातीतल्या (शिसवी हिच्यातलीच) जवळपास सगळ्याच जाती परिशिष्ट २ मध्ये गेल्या आणि वादकांची बरीच तारांबळ उडाली. पण २०१९ च्या नोव्हेंबरपासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. परिशिष्ट १ मधल्या ब्राझिलियन रोजवुडला ही सूट नाही.

ॲडिरॉन्डॅकचा प्रश्न वेगळा होता. ते लाकूड मिळत होतं, माझ्याकडे एक चांगली जोडी (टॉप दोन फळ्या जोडून होतो) होतीही. प्रश्न होता तो ताईंच्या हाताला ते मानवेल का हा.

टॉपची निवड

या निर्णयावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला, आणि माझ्या मते तो तिथेच घालवायचा असतो. गिटारचा आवाज मुख्यतः टॉप तयार करतो. आंतोनियो दे तोरेस या स्पॅनिश कारागिराने १८६२ मध्ये हेच दाखवण्यासाठी एक गिटार केली, तिची बॅक आणि साइड्स पुठ्ठ्याच्या होत्या.

टॉपकडून दोन परस्परविरोधी गोष्टी हव्या असतात. पोलादी तारांचा एकत्र ताण सत्तर किलोच्या आसपास असतो. तो ब्रिजला पुढे कलंडवू पाहतो. त्यासमोर टिकायला टॉप ताठ हवा. पण हलक्या बोटाने छेडलेल्या तारेला तो हलवता यावा, म्हणून वजनाला कमी हवा. स्प्रूस आणि सीडरसारखी लाकडं टॉपला वापरतात ती यासाठीच: वजनाच्या मानाने त्यांचा ताठपणा फार जास्त असतो. मात्र एकाच जातीच्या दोन झाडांत, कधी एकाच ओंडक्याच्या दोन फळ्यांतही, बराच फरक निघतो. जातीच्या नावावरून घेतलेला टॉप म्हणजे निम्मा अंदाजच.

म्हणून मी चार जोड्या काढल्या: ॲडिरॉन्डॅक, सिट्का, युरोपियन स्प्रूस आणि वेस्टर्न रेड सीडर. प्रत्येकीतली एक फळी रंध्याने एकाच मापाला आणली, ५५० मिलिमीटर लांब, २१० रुंद, ४ जाड. वजन केलं. मग ५०० मिलिमीटर अंतरावरच्या दोन टेकूंवर ठेवून मधोमध एक किलोचं वजन ठेवलं आणि फळी किती वाकते ते डायल गेजवर वाचलं.

ॲडिरॉन्डॅक २०३ ग्रॅम, वाक १.७५ मिलिमीटर. सिट्का १९९ ग्रॅम, वाक १.९८. युरोपियन १८० ग्रॅम, वाक १.९०. सीडर १६२ ग्रॅम, वाक २.६८.

पहिल्या नजरेला सीडर जिंकतं. सगळ्यात हलकं, आणि हलक्या हाताला लगेच साथ देतं अशी त्याची ख्यातीही आहे. मी स्वतः तिकडेच झुकलो होतो. पण फळ्या सारख्या जाडीला मोजल्या होत्या, गिटारमध्ये त्या सारख्या ताठपणाला येणार होत्या. फळीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. त्या हिशेबाने सीडरला युरोपियन फळीइतकं ताठ करायचं तर ती सुमारे १२ टक्के जाड ठेवावी लागणार, आणि मग तिचं वजन होणार १८२ ग्रॅम. म्हणजे युरोपियनपेक्षा दोन ग्रॅम जास्तच. ॲडिरॉन्डॅक तेवढ्याच ताठपणाला जेमतेम अडीच-तीन टक्के पातळ करता येते, तरी ती १९७ ग्रॅमच्या खाली उतरत नाही. आकडे वहीत शेजारी शेजारी लिहिले तेव्हा ती साधी दिसणारी युरोपियन फळी सगळ्यांत पुढे निघाली. मोजली नसती तर ती आणखी काही वर्षं फडताळातच राहिली असती.

ताईंना आकड्यांनी पटवायचं नव्हतं. फळी कशी धरायची ते त्यांना दाखवलं: टोकापासून लांबीच्या साधारण २२ टक्क्यांवर, म्हणजे इथे सुमारे बारा सेंटिमीटरवर, चिमटीत सैल धरायची आणि मध्यावर बोटाच्या पेराने ठोकायचं. त्या जागी फळी हलत नसते, म्हणून चिमटीने आवाज मरत नाही. त्यांनी चारही फळ्या ठोकल्या. सीडर गोड बोललं आणि लवकर शांत झालं. युरोपियन फळीला त्यांनी दोनदा ठोकलं, कानाशी नेलं, डोळे मिटले. मग काही न बोलता ती टेबलाच्या आपल्या बाजूला ठेवली.

ठोकून ऐकण्यावर मी आंधळा विश्वास ठेवत नाही. सुटी फळी आणि तारा चढवलेला टॉप यांत फार अंतर असतं. पण आस किती काळ टिकते, याचा अंदाज त्यातून येतो.

एक उणीव होती. त्या फळीत बाहेरच्या कडेला तपकिरी पट्टा होता आणि वर्षवलयं तिथे एकदम रुंद झाली होती. दोन फळ्या पुस्तकासारख्या उघडून जोडल्या की तो पट्टा दोन्ही कडांना दिसणार. वलयं मात्र पृष्ठभागाला जवळजवळ काटकोनात उभी होती. आडव्या दिशेचा ताठपणा त्यावर अवलंबून असतो. वलयं थोडी कलली तरी तो झपाट्याने घसरतो. ताईंनी दिवसभर विचार केला आणि कळवलं, "पट्टा राहू दे. मी वाजवताना तो मला दिसणारही नाही."

बॅक आणि साइड्स

इथे मतभेद झाला. त्यांना शिसवीचा काळपट जांभळा रंग हवा होता, शिवाय रोजवुडशिवाय आस येणार नाही अशी त्यांची समजूत होती. मला महोगनी हवी होती.

माझ्याकडे सारख्याच आकाराच्या, सारख्याच ब्रेसिंगच्या दोन गिटारी होत्या, एक शिसवीची, एक महोगनीची. ताई पाठ करून बसल्या. मी एकच छोटी ओळ दहा वेळा वाजवली, अधूनमधून गिटार बदलत. त्यांनी सहा वेळा बरोबर ओळखलं, चार वेळा चुकल्या. नाणं उडवूनही एवढं साधतं. मग डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांनी स्वतः वाजवून पाहिलं. वजनावरून ओळखता आलं, आवाजावरून नाही. आमच्या दोघांच्या खोलीतल्या या प्रयोगाला शास्त्र म्हणणार नाही. पण २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका अभ्यासात ५२ वादकांनी सहा वेगवेगळ्या लाकडांच्या बॅक-साइड्स असलेल्या, बाकी सर्व सारख्या गिटारी न बघता वाजवल्या, आणि त्यांच्या पसंतीत लाकडामुळे फारसा फरक पडला नाही.

शेवटी निर्णय आवाजावर नाही, वजनावर झाला. शिसवीची घनता घनमीटरला आठशे किलोच्या वर, महोगनीची साडेपाचशेच्या आसपास. ताईंसाठी ठरवलेल्या मध्यम आकारात फक्त बॅक आणि साइड्समध्ये पावणेदोनशे ग्रॅमचा फरक पडत होता. ज्यांचं मनगट आणि खांदा तासाभराने बोलू लागतो त्यांच्यासाठी हा फरक लहान नाही. महोगनी ठरली. रंगाची हौस फिंगरबोर्डवर भागवली: तिथे काळी एबनी. ब्रिज मात्र एबनीऐवजी तिच्यापेक्षा हलक्या शिसवीचा, कारण ब्रिज थेट टॉपवर बसतो आणि तिथे वाचवलेला प्रत्येक ग्रॅम हलक्या हाताच्या कामी येतो.

घडण

बाकीचे निर्णय पटापट झाले. तारेची मोकळी लांबी ६४५ ऐवजी ६३२ मिलिमीटर ठेवली; त्याच तारा, त्याच सुरात, ताण चार टक्क्यांनी कमी. कार्यशाळेतली आर्द्रता ४५ ते ५० टक्क्यांत असतानाच ब्रेसिंग चिकटवलं. टॉप कडेला २.४ आणि मध्ये २.७ मिलिमीटरवर आणला.

महोगनीच्या एका साइडला कंबरेच्या वळणावर तडा गेला. घाई केली, पट्टी वाकवायचं लोखंड पुरेसं तापलं नव्हतं. त्याच ओंडक्यातली दुसरी पट्टी होती म्हणून निभावलं. पॉलिश केलं, सुकू दिलं, तारा चढवल्या.

कुठे अडलं

पहिल्या संध्याकाळी गिटार हलक्या स्पर्शाला उत्तर देत होती. ताईंचा चेहरा उजळला. मग त्यांनी तिसरी तार मोकळी छेडली आणि थबकल्या. परत छेडली.

"ही एकदम पुढे येते आणि लगेच विझते," त्या म्हणाल्या. "बाकीच्या असं करत नाहीत."

तिसरी तार मोकळी असताना १९६ हर्ट्झवर बोलते. तारा हाताने दाबून मी ब्रिजवर हलकेच ठोकलं आणि फोनवरच्या स्पेक्ट्रम ॲपमध्ये पाहिलं. टॉपचा मुख्य अनुनाद (ज्या कंपनसंख्येला तो सर्वांत जोरात थरथरतो ती) बरोबर १९६ वर होता. स्वर आणि अनुनाद एकावर एक पडले की टॉप तारेची ऊर्जा घाईघाईने खेचून घेतो: आवाज मोठा, आस तोकडी. ज्या आसेसाठी एवढा खटाटोप केला, तीच त्यांच्या सर्वांत वापरातल्या स्वरावर मरत होती. त्या रात्री मला झोप आली नाही.

अनुनाद दोन स्वरांच्या मध्ये, १९६ आणि त्याखालच्या १८५ यांच्या अधेमधे सरकवायला हवा होता. त्यासाठी ब्रिजवर वजन वाढवता येतं किंवा ब्रेस तासून टॉप थोडा सैल करता येतो. पहिला उपाय मागे घेता येतो, दुसरा येत नाही. म्हणून आधी ब्रिजवर पाच ग्रॅम मऊ पुट्टी चिकटवली. अनुनाद १९१ वर आला आणि तिसरी तार बाकीच्यांच्या रांगेत जाऊन बसली. दिशा बरोबर होती.

आता ही पाच ग्रॅम कायमची ठेवायची, की ब्रेस तासायचे? ब्रिजचं वजन वाचवण्यासाठीच तर एबनी सोडली होती. ताईंना दोन्ही बाजू सांगितल्या. ब्रेस तासले तर हलका प्रतिसाद टिकेल, पण पुढच्या वर्षांत टॉप फुगण्याचा धोका थोडा वाढेल. त्यांनी तासायला सांगितलं. साउंडहोलमधून हात घालून, आरशात बघत, खालच्या भागातल्या दोन ब्रेसची टोकं मी थोडी थोडी खरवडली. प्रत्येक दोन-चार फेऱ्यांनंतर तारा चढवून मोजायचं, परत उतरवायच्या. दोन दिवस लागले. पुट्टी काढून १९१ वर थांबलो.

निष्पत्ती

गिटार ताईंकडे जाऊन दीड वर्ष झालं. ब्रिजमागचा टॉपचा उंचवटा दर सहा महिन्यांनी सरळपट्टी ठेवून पाहतो. अजून वाढलेला नाही. मनगटाचं दुखणं पूर्ण गेलं असं त्या म्हणत नाहीत, पण दोन तास बसता येतं म्हणतात.

एका कामात ती कमी पडते. गायकाच्या साथीला जोरात झंकारून वाजवलं की आवाज एका मर्यादेनंतर वाढत नाही, नुसता दाटतो. हलका टॉप हलक्या हाताला साथ देतो ती ही किंमत मोजून. त्यासाठी ताई जुनी ड्रेडनॉट काढतात. ॲडिरॉन्डॅक वापरला असता तर ही मर्यादा वर गेली असती, हे मी त्यांना निवडीच्या वेळी सांगितलं होतं. पुरेसं ठासून सांगितलं होतं का, याबद्दल मात्र माझ्या मनात शंका आहे.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या भेटीत यादी उतरवून घेण्याआधी मी त्यांना वाजवायला बसवायला हवं होतं. पेरांनी वाजवणं, दुखरं मनगट, "खोल"चा अर्थ, हे सगळं दहा मिनिटांत कळलं असतं. मधल्या दोन आठवड्यांत मी ब्राझिलियन रोजवुडच्या चौकश्या करत होतो. आता नव्या ग्राहकाला मी कागद खिशात ठेवायला सांगतो आणि खुर्ची पुढे करतो.

दुसरी गोष्ट जास्त बोचते. अनुनाद मी पॉलिश करायच्या आधी, कोरी गिटार तारा चढवून मोजायला हवा होता. तेव्हा टॉप बाहेरून कडेला किंचित घासून तो सरकवता आला असता. वेळ वाचवायला मी ती पायरी गाळली आणि मग बंद पेटीत हात घालून चाचपडत काम करावं लागलं. शिवाय ब्रिज एबनीवरून शिसवीवर आणला तेव्हाच अनुनाद वर सरकणार हे दिसायला हवं होतं. ब्रिज बदलला, पण ब्रेसिंगचा हिशेब आधीचाच ठेवला.

चार फळ्या मोजण्याचा निर्णय मात्र मी पुन्हा तसाच घेईन. त्यानंतर फडताळातल्या सगळ्या जोड्या मोजून काढल्या. प्रत्येकीवर पेन्सिलने दोन आकडे लिहिले आहेत, वजन आणि वाक. झाडाचं नाव त्याखाली, बारीक अक्षरात.